घड्याळजींना स्वप्नं पडत नाहीत

घड्याळजींना स्वप्नं पडत नसत. निदान त्यांचं तसं म्हणणं होतं, आणि ते ऐकून ऐकून गल्लीचे कान किटले होते. दुकानात कुणी आपल्या स्वप्नाची गोष्ट काढली, की डोळ्यावरचं भिंगही न काढता हे म्हणत, "रिकामटेकड्यांचे धंदे! आमची पाठ टेकली की सकाळच." जणू झोपणं हाही यांचाच पराक्रम!

अहो, स्वप्नं सगळ्यांनाच पडतात, रोज पडतात. जाग आल्यावर जरा तसंच पडून राहिलं, तर एखादं हाती लागतं, नाहीतर गेलंच. पण हे कुठले पडून राहायला? दुरुस्तीला आलेली गजराची घड्याळं उशाशी ठेवून तपासायची यांची पद्धत. पहाटे पाचला तीन-तीन घड्याळं एकदम बोंबलत आणि हे ताडकन उठत. स्वप्नाची काय बिशाद टिकायची!

सख्ख्या धाकट्या बहिणीलाही त्यांनी असंच झटकलं होतं. मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून वीस वर्षांपूर्वी तिच्या तोंडावर दार लावलं. परवा दुकानातल्या स्टुलावरून पडून यांचा पाय मोडला, तेव्हा तिचा फोन आला, बघायला येऊ का म्हणून. बायकोने विचारलं, तर म्हणाले, "मला बहीण नाही." पाय प्लास्टरमध्ये, पण नाक वरच.

दुकान बंद, म्हणून उशाशी गजरही नाही. तिसऱ्या दिवशी घड्याळजींना आपोआप, सावकाश जाग आली. उठता येईना, म्हणून पडून राहिले, आणि स्वप्नही तिथेच राहिलं. दाराबाहेर बहीण उभी आहे, हे आतून कडी ओढताहेत, आणि कडी काही निघत नाही. उशी ओली झाली होती.

"मी झोपेत काही बोललो का गं?" त्यांनी बायकोला विचारलं.

"रोजचंच. 'थांब, उघडतो, जाऊ नकोस.' वीस वर्षं ऐकतेय."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, तुलाच स्वप्न पडलं असेल." मग तिने हळूच विचारलं, "तिला काय कळवू?"

इथे तरी माणसाने शहाणं व्हावं की नाही?

"ते मोठं गजराचं घड्याळ आण इकडे," घड्याळजी म्हणाले.

बायकोने आणून दिलं. घड्याळजींनी आपल्या हाताने किल्ली दिली, पाचाचा गजर लावला आणि ते उशाशी ठेवलं.