मंगळवारी कळलेली बातमी

भावसिंग राठोड नागपूरला विद्यापीठात पत्रकारिता शिकायला गेला, तेव्हा हे शिक्षण नेमकं कशाचं ते त्याच्या तांड्यात कोणालाच सांगता येत नव्हतं. फुलसावंगीपासून दीड कोसावरचा चाळीसेक घरांचा हा बंजाऱ्यांचा तांडा. लोकांना वकील माहीत होता, मास्तर माहीत होता, कंपाउंडर तर दर बाजाराला भेटायचा. भावसिंगचा बाप खेमसिंग विचारणाऱ्याला सांगायचा, "पोरगं बातम्या शिकून राह्यलं." समोरचा म्हणायचा, "बातम्या काय शिका लागतात बाप्पा?" यावर खेमसिंग बैलांना पाणी दाखवायला उठायचा. त्याच्या लहानपणी तांडा बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूखभर हिंडायचा, आणि मालाबरोबर बातम्याही या गावच्या त्या गावाला जायच्या. त्या शिकवायला कोणी मास्तर ठेवला नव्हता.

वर्गात बावीस जण होते. बहुतेक नागपूरचे, घरी दोन-दोन वर्तमानपत्रं येणारे. भावसिंग मागच्या बाकावर बसायचा. मराठी त्याला चांगली यायची, पण घाईत बोलायला गेला की वऱ्हाडी निघायची आणि पुढची पोरं वळून बघायची. शिकवायला देशकर सर होते. वीस वर्षं वर्तमानपत्रात काढलेला माणूस, बोटांवर शाईचे डाग कायमचे. त्यांनी परीक्षेसाठी प्रत्येकाला एक प्रबंध लिहायला सांगितला. भावसिंगने विषय घेतला : गावात बातमी कशी पोचते.

"हे चांगलं आहे," सर म्हणाले. "जिथं पेपर जात नाही, रेडिओ नाही, तिथं बातमी कोणाच्या पायानं चालते ते शोध. एकच घटना घे. घरोघर जा. तीनच प्रश्न विचार. कधी कळलं, कोणाकडून कळलं, आणि मग तुम्ही कोणाला सांगितलं."

घटना शोधावी लागली नाही. १९६३ सालच्या फेब्रुवारीत तांड्यातला रामलाल विहिरीत गाडला गेला होता. महागावच्या अंगाला, तांड्यापासून सहा कोसांवर एका मळ्यात विहिरीचं खोदकाम चाललं होतं. रामलाल तिथं आठ दिवसांपासून कामाला होता. काठ ढासळला आणि तो दगडमातीखाली गेला. वय चौतीस. मागे बायको लालीबाई, मूलबाळ नव्हतं.

मार्चमध्ये भावसिंग तांड्यात आला, तो पुठ्ठ्याच्या कार्डांचा गठ्ठा घेऊन. एका घराला एक कार्ड. घरच्याच माणसाने असं विचारायला बसावं याची लोकांना गंमत वाटली, पण बोलले सगळे. तीन दिवसांत सदतीस कार्डं भरली. तिसऱ्या दिवशी दुपारी बापाच्या अंगणात लिंबाखाली बसून तो ती वेळेप्रमाणे लावायला लागला आणि मध्येच थांबला.

पोलिसांच्या पंचनाम्यातली वेळ त्याने महागावला जाऊन उतरवून आणली होती. बुधवार, सकाळी अकरा. कार्डांवर मात्र सगळीकडे मंगळवार होता. कोणी मंगळवारी दुपारी ऐकलं, कोणी दिवेलागणीला. बुधवार एकाही कार्डावर नव्हता.

दीड महिन्यात माणूस वार विसरतो, असं त्याने आधी स्वतःला समजावलं. मग परत घरोघर फिरला. मंगळवारच कशावरून? सगळ्यांनी एकच सांगितलं. त्या दिवशी देवी टोचणारा आला होता. पोरं दंड धरून रडत होती, बाया त्यांना मांडीवर घेऊन बसल्या होत्या आणि रामलालचंच बोलणं चाललं होतं. भावसिंग फुलसावंगीला गेला. देवी टोचणारे बबनराव तिथं खोली घेऊन राहायचे. त्यांनी वही काढली. मंगळवारची तारीख होती, तांड्यातल्या एकोणीस पोरांची नावं होती.

"तुमच्या तांड्यात त्या दिवशी मयत झाली होती ना?" बबनराव आपणहून म्हणाले. "विहिरीत कोणीतरी दबला म्हणे. मी म्हटलं, आज राहू द्या, पुन्हा येईन. तर बाया म्हणाल्या, मढं यायचं आहे अजून, तुम्ही टोचून घ्या."

हा तर बाहेरचा माणूस. त्याला तांड्याच्या गोष्टीशी काय घेणं? भावसिंग परत येताना वाटेत दोनदा मागे वळून बघत आला. उन्हात वाट मोकळी होती.

कोणी कोणाला सांगितलं याच्या रेघा त्याने एका मोठ्या कागदावर जोडल्या. सगळ्या रेघा एका घरी येऊन मिळाल्या. सुखीबाईच्या. साठीची बाई, तांड्यातल्या सगळ्यांची काकी.

"काकी, तुले कोनी सांगतलं?"

"नाल्यावर गेलती मी धुणं घेऊन," सुखीबाई म्हणाली. "दुपारची. पल्याडच्या काठावर एक बाई उभी होती. आपल्याच बोलीत बोलली. म्हने, तुमचा रामलाल विहिरीत दबला, घरी सांगा. मी धावतच वर आली."

"कोन होती?"

"ओढनी तोंडावर होती. हातात बलियाच्या पांढऱ्या बांगड्या होत्या कोपरापासून खांद्यापर्यंत. जुन्या बाया घालत तशा. मले वाटलं, पल्याडच्या तांड्यातली असंन."

भावसिंग नाला ओलांडून पलीकडच्या तांड्यात गेला. तिथल्या म्हाताऱ्याने सांगितलं की त्या पंधरवड्यात तांड्यात कोणीच नव्हतं. चुली विझवून सगळे ऊसतोडीला गेले होते. आपण एकटे मागे राहिलो होतो, आणि आपल्याकडे बाईमाणूस नाही.

त्या संध्याकाळी भावसिंगने बापाला विचारलं. खेमसिंगचंही कार्ड होतं, त्यावरही मंगळवारच होता.

"बा, तुमाले सगळ्यायले मंगळवारी मालूम होतं. मंग महागावले कोनी काहून नाही गेलं?"

"मेलेल्या मानसाले सांगाले कोन जाते?" खेमसिंग म्हणाला. "आमाले वाटलं, झालं ते झालं. मळ्यावाले बैलगाडीत घालून आनतीन. गाडी येईस्तोवर लालीले काही बोलाचं नाही, बायायनं ठरवलं. रात झाली, गाडी नाही आली. दुसऱ्या रोजी सांजच्याले आली. थोडी उशिरा आली, इतलंच वाटलं." त्याने चिलीम झटकली. "तू कायले इचारून राह्यला हे? राहू दे आता."

भावसिंगने तेव्हा राहू दिलं असतं तर बरं झालं असतं. पण अडतिसावं कार्ड कोरं होतं आणि ते लालीबाईचं होतं.

लालीबाई ओसरीवर तुरीच्या शेंगा फोडत बसली होती. तिने त्याला पाणी दिलं. कधी कळलं या प्रश्नावर तिने सरळ सांगितलं, बुधवारी सांजच्याले, गाडी दारात आली तेव्हा. कोणाकडून? कोणाकडून नाही, कांबळं बाजूला केलं आणि दिसलं.

त्याने लिहिलं. लिहून तो बाकीची कार्डं चाळायला लागला, तेव्हा तिने विचारलं, "बाकीच्यायनं काय सांगतलं?"

त्याने कार्डं पालथी घातली. लालीबाईला वाचता येत नव्हतं, पण तिला त्याच्या मांडीवरची कार्डं दिसत होती, आणि त्याचं तोंड दिसत होतं. शेंगा फोडायच्या थांबवून ती सावकाश म्हणाली, "मंगळवारी सुखीकाकी भाकरी घेऊन आलती माह्या घरी. मंग बसंतीबाई आली. अजून चार-पाच बाया आल्या. कोनी काही बोले नाही. मी म्हनलं, आज काय हाय, अशा काहून बसल्या तुमी? तर म्हने, सहज. मले तर वाटलं, मानूस घरी नाही म्हून सोबतीले आल्या." तिने टोपली बाजूला सारली. "त्यायले मालूम होतं काय, भावसिंग?"

"वहिनी..."

"रातभर थो जिता होता," लालीबाई म्हणाली. "सकाळी बी जिता होता. सगळ्या तांड्याले मालूम होतं, आन् त्याले नाही."

ती रडली नाही. टोपलीतल्या शेंगा तिने पुन्हा ओढून घेतल्या. भावसिंग उठला तेव्हा तिने वर पाहिलंही नाही.

नागपूरला देशकर सरांनी कागद दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला. "घटना आधी घडते, भावसिंग, मग बातमी. याच्या उलट होत असेल तर आपण दोघांनी इथं बसायचं कारण नाही." मग आवाज खाली आणून म्हणाले, "वार चुकले असं समज. स्मृतिदोष म्हणून एक टीप दे खाली. परीक्षक बाहेरचे आहेत." भावसिंगने तशी टीप दिली. दुसऱ्या वर्गात पास झाला. यवतमाळला एका साप्ताहिकात त्याला नोकरी मिळाली. तो बाजारभाव, सभा, मयतीच्या बातम्या लिहायला लागला. मयतीची बातमी आली की आधी वेळ विचारायचा. लोकांना ते विचित्र वाटायचं.

तांड्यातून मात्र वेगळं ऐकू यायला लागलं. लालीबाई रोज दुपारी नाल्यावर जाऊन बसते. धुणं नाही, घागर नाही, नुसती बसते. पहिल्या वर्षी एका दुपारी ती उठली आणि तडक पूनमसिंगच्या घरी गेली. त्याला म्हणाली, पल्याडून तुह्यासाठी हाक आली, दोन दिवस शेतात जाऊ नको. पूनमसिंग हसला, शेतात गेला, आणि कपाशीत त्याला पान लागलं, साप चावून तो गेला. पुढच्या पावसाळ्यात ती चंदाबाईकडे गेली. चंदाबाईने तिचे पाय धरले, घरातून हलली नाही, आणि घरातच ताप येऊन गेली. मग लोक लालीबाईला घाबरायला लागले. नाल्याकडून ती वर येताना दिसली की दारं लागायची, पोरं आत ओढली जायची. ती कुठल्या घरापाशी थांबते ते बाया फटीतून बघायच्या. तिला कोणी तोडून बोललं नाही. तिच्याशी कोणी बोललंच नाही.

१९६७ च्या वैशाखात भावसिंग साप्ताहिकाच्या कचेरीत एकटाच होता. बाराची वेळ, रस्त्यावर सामसूम. खिडकीतून त्याला समोरच्या बाजूने एक बाई येताना दिसली. घागऱ्यासारखा फेटिया धुळीने पांढरा झालेला, चाल ओळखीची. तो खुर्चीतून उठला आणि त्याचा हात दाराच्या कडीवर गेला. पायऱ्यांवर पावलं वाजेपर्यंत तो तसाच उभा होता. मग त्याने दार पुरतं उघडलं.

लालीबाई आत येऊन जमिनीवर बसली. दोन पेले पाणी प्यायली.

"कोनाचं?" त्याने विचारलं.

"तुह्या बापाचं. त्याले सांगतलं मी. दार उघडं ठेवलं होतं त्यानं. म्हने, पोराले सांग, मंग पाहू."

"कोनता दिवस?"

"दिवस नाही सांगत थे बाई."

दोघं मिळेल त्या मोटारीने निघाले. पुसदला मोटार बदलली. खेमसिंग अंगणात खाटेवर बसून दोर वळत होता, अंगाने ठणठणीत. पोराला बघून त्याने दोर बाजूला ठेवला. पुढचे तीन दिवस तो बोलत होता. बैलांच्या गळ्यातल्या घंटांबद्दल, एका नदीच्या पुरात वाहून गेलेल्या मिठाबद्दल, भावसिंगच्या आईने लग्नात कसा हट्ट धरला होता त्याबद्दल. यातलं काहीच भावसिंगने कधी ऐकलं नव्हतं. चौथ्या दिवशी जेवण झाल्यावर खेमसिंग म्हणाला, "मी जरा पडतो." तो परत उठला नाही.

सगळं आटोपून भावसिंग निघाला तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. फुलसावंगीची वाट नाल्यातून जाते. लालीबाई काठावरच्या खडकावर बसली होती. तो तिच्याजवळ थांबला.

"वहिनी, घरी चाला. कायले बसता इथं?"

"कोनी तरी बसा लागते," ती म्हणाली. "मले कोनी सांगतलं नाही."

तो पाण्यात उतरला. अर्ध्यात आला असेल, तेव्हा पलीकडून बाईचा आवाज आला. तांड्याचीच गोर बोली होती. स्वर ओळखू येत होता, शब्द पाण्याच्या आवाजात बुडत होते. काठावर कोणी दिसत नव्हतं. वारा नसताना सिंदीचं एक झुडूप हलत होतं. आयुष्यभर लोकांना कोणी सांगितलं, काय सांगितलं, असं विचारत आलेला भावसिंग कान देऊन ऐकायला थांबला नाही. मान खाली घालून त्याने नाला ओलांडला.

वर चढल्यावर त्याने मागे पाहिलं. लालीबाई उभी राहिली होती. तिने फेटियाची धूळ झटकली, ओढणी सारखी केली आणि पाठ फिरवून तांड्याकडे चालायला लागली. ती आपल्या मागे येत नाही हे बघून त्याला हायसं वाटलं, आणि त्याची त्याला लाज वाटली. तांड्यातलं पहिलं दार लागल्याचा आवाज त्याला तिथपर्यंत ऐकू आला.