वॉरंटीतली वीणा

समस्त वाचकांना जड अंतःकरणाने कळवण्यात येते की आमच्या गावच्या वीणेला तडा गेला आहे. कुणीही उभे राहू नये. उभं राहायचं काम आमच्या चुलत्यांकडे होतं आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

गाव राणीसावरगावच्या अलीकडे. दरवर्षी शिवनाम सप्ताह बसतो. सप्ताह उठेपर्यंत वीणा कुठेही टेकवायची नाही, पाळीपाळीने गळ्यात घालून उभं राहायचं. पहारा संपला की एकाने गळ्यातून काढून दुसऱ्याच्या गळ्यात घालायची आणि दोघांनी एकमेकांच्या पाया पडायचं. चुलत्यांच्या, म्हणजे आप्पांच्या, पहाऱ्याला भर दुपारी सगळे जेवायला बसलेले असताना देवळातून ‘टक्’ असा आवाज आला. मंडळी खरकट्या हातांनी धावली. दांडी जिथे भोपळ्यात शिरते, तिथे बोटभर तडा.

"आप्पाला डुलकी लागली. खांबावर आदळली वीणा," एकजण म्हणाला.

"मी भजनात डुलतो. झोपंत न्हाई," आप्पा म्हणाले.

या खुलाशाने संशय वाढला.

शेजारच्या गावाहून उसनी वीणा आली आणि आप्पांचा पहारा दुसऱ्याकडे गेला. समाप्तीच्या मिरवणुकीत वीणा आप्पांच्याच गळ्यात असते. तो मानही यंदा काढून घ्यावा, अशी बोलणी देवळाच्या पायरीवर सुरू झाली. सुतार म्हणाला, सरस लावून चिकटवून देतो, फुकट.

"दुरुस्ती नको मला," आप्पा म्हणाले. "मला वॉरंटी पायजे."

वीणा गेल्याच वर्षी परभणीच्या दुकानातून वॉरंटीसकट घेतलेली. दुकानदाराने वॉरंटीत करून दिली तर दोष वीणेचा. पैसे मागितले तर दोष आप्पांचा. परभणीहून जो निकाल येईल तो गाव मानणार होतं.

उसनी वीणा देवळात आल्यामुळे फुटकी आता मोकळी झाली, असं गावाचं मत. सप्ताह चालू असताना कोणतीच वीणा टेकवता येत नाही, असं आप्पांचं. त्यामुळे अर्ध्या रिकाम्या एसटीत ते वीणा गळ्यात घालून परभणीपर्यंत उभे राहिले. मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसून त्यांना साथ दिली. कंडक्टरने त्यांच्या पाया पडून तिकीट दिलं. मला नुसतंच दिलं.

दुकानदार म्हणाला, "ठेवा काउंटरवर, बघतो."

"सप्ताह चालू हाय."

त्याने लांबूनच मान वाकडी करून पाहिलं. "तडा वॉरंटीत येत न्हाई, आप्पा."

"आला की. मुदत संपायच्या आतच आला."

"तसं न्हवं. पडली, आपटली तर आमी जबाबदार न्हाई."

"जी टेकत न्हाई ती पडंल कशी, मालक?"

"डुलकी लागली असंल तुमाला."

आप्पांनी सावकाश वळून माझ्याकडे पाहिलं. गावातून कुणी फोन केला की काय, असा तो चेहरा होता. मग त्यांचा आवाज उतरला. "असं म्हनू नका. मला गावात तोंड दाखवायचंय."

"हातात घेऊन तर बघा," मी दुकानदाराला म्हणालो.

"हातात न्हाई," आप्पा म्हणाले. "गळ्यात."

दुकानदार याच मुलखातला. त्याने मुकाट्याने चपला काढल्या. वीणा त्याच्या गळ्यात गेली, दोघे एकमेकांच्या पाया पडले आणि आप्पा म्हणाले, "मी जरा लघवीला जाऊन येतो. सकाळपासून उभा हाय."

थोड्या वेळाने ते मला समोरच्या टपरीवर बाकावर बसून चहा पिताना दिसले.

"तुमी तरी घ्या की," दुकानदार मला म्हणाला.

"माझी आंघोळ व्हायचीय," मी म्हणालो. आंघोळ झाली होती. पण असं दृश्य परभणीत रोज कुठे दिसतं?

तेवढ्यात टाळाचा जोड घ्यायला एक म्हातारी आली. गळ्यात वीणा पाहून तिने चपला पायरीखाली सोडल्या आणि दुकानदाराच्या पायांवर डोकं ठेवलं. तिच्या मागे ढोलकी घेऊन आलेला माणूसही रांगेत थांबला. एक जण रस्त्यावरून जाता जाता सहज पाया पडून गेला. त्याला काहीच घ्यायचं नव्हतं.

"अवं आजी, उठा. मी दुकानदार हाय," तो कळवळून म्हणाला.

"असू द्या, माहाराज," आजी खालूनच म्हणाली.

तिला उठवायला तो वाकला. वाकताना भोपळा वर सरकला आणि तडा थेट त्याच्या नाकासमोर आला. तो तसाच वाकलेला राहिला. एका हाताने दांडी धरून त्याने दुसऱ्या हाताच्या नखाने पॉलिश खरवडलं. खालून लाखेची जुनी, पिवळी रेघ निघाली. ताज्या तड्याच्या बरोबर खाली आणि तेवढीच लांब.

आप्पा मिशा पुसत पायरी चढत होते. आजी अजून पायांशीच होती. दुकानदाराला कशाचंच भान उरलं नाही. तो मोठ्याने ओरडला,

"आयला, ही तर मीच चिकटवून इकली व्हती!"