पोट वळते, पोतं वळत नाही

भंडारा जिल्ह्याचे दोन तुकडे झाले, गोंदिया आपला संसार घेऊन वेगळा निघाला, तरी उरलेल्या जिल्ह्याचं वजन तसूभरही कमी झालं नाही, याचं संपूर्ण श्रेय माझ्या फुफाजींना जातं. फुफाजी म्हणजे माझ्या आत्याचे यजमान. भंडाऱ्यात त्यांचं पितळी भांड्यांचं दुकान. पितळ किलोवर विकलं जातं, म्हणून दुकानात मोठा काटा, आणि त्या काट्यावर रोज सकाळी सगळ्यात आधी चढायचे ते फुफाजीच. काटा शंभराच्या पुढे जाऊन थरथरू लागला की खाली उतरून म्हणायचे, "काटा बिघडला हाय." मग त्याच काट्यावर दिवसभर गिऱ्हाइकांना पाणी भरायचे गुंड आणि पराती जोखून द्यायचे. ही उघड विसंगती मी एकदा दाखवून दिली. त्यावर शांतपणे म्हणाले, "पितळेसाठी बराबर हाय पोरी. माणसासाठी बिघडला हाय."

अशा देहाच्या माणसानं भजन करावं, पंचायतीत बसावं, असं समाजाला वाटतं. समाजाला काहीही वाटतं. फुफाजींना मात्र मोटारसायकलच्या शर्यतीत पळायचं होतं. बैलांच्या पटावर, म्हणजे शर्यतीवर, बंदी होती ती वर्षं. मोहाडीच्या बाजूला एका गावात पटाची दाण, म्हणजे जोड्या पळवायची लांबलचक पट्टी, नुसती पडून होती. तिच्यावर गावच्या पोरांनी मोटारसायकली पळवायला सुरुवात केली. इथून सुटायचं, टोकाच्या खांबाला वळसा घालायचा आणि परत यायचं. धान कापून झालेली भुसभुशीत जमीन, तिच्यावर गहू-तांदळाच्या पोत्याएवढ्या वजनाची सडसडीत पोरं, आणि त्यांच्यात फुफाजी. आत्या म्हणायची, "हे गाडीवर बसले का गाडी दिसतच नाही वो. माणूसच धूर सोडत जाऊन राहिला असं वाटते."

वजनाचा तोटा त्यांना समजत नव्हता असं नाही. त्यावर त्यांचा अखंड विचार चाले. फक्त तो स्वतःच्या ताटापर्यंत कधी पोचत नसे. वजन कमी करायचं ठरलं की ते गाडीचं करायचे. आधी आरसे गेले, मग चेनकव्हर, मागचा मडगार्ड, आणि शेवटी हॉर्न. काढलेला प्रत्येक भाग काट्यावर ठेवायचे आणि तेवढं वजन आपण आता हक्कानं खाऊ शकतो, या आनंदात आलूबोंडे मागवायचे. हॉर्न गेल्यावर बाजारातून जाताना तोंडानंच ओरडायचे, "सरका हो, सरका, बिरेकही कमी हाय!" रस्ता असा मोकळा व्हायचा की मंत्र्याच्या ताफ्यालाही हेवा वाटावा. वारा कापण्यासाठी टाकीवर आडवं झोपायचं असतं, हे त्यांनी कुठंतरी पाहिलं. पण टाकी आणि पोट या दोघांचाही त्या एकाच जागेवर दावा होता, आणि तो वाद शेवटपर्यंत मिटला नाही. वैनगंगेच्या पुलाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर मात्र ते कोणालाच पुढे जाऊ देत नसत. "हलका माणूस सुटते लवकर," ते मला समजावत, "जड माणूस थांबते उशिरा. आता तूच सांग, रेसमधी थांबाचं कायले?" पूर्ण शर्यत उतारावर घ्यावी अशी मागणी त्यांनी शर्यतीच्या कमिटीकडे केलीही होती. धानाच्या सपाट बांधीत उतार कुठून आणायचा, यावर कमिटीनं विचार करू असं सांगितलं.

सलग तीन वर्षं फुफाजी सगळ्यांत शेवटी आले. मग कमिटीच्या अध्यक्षांनी, हे धानाचे व्यापारी, त्यांना बोलावून गोड शब्दांत सांगितलं, "शेठ, तुमचा आवाज काय खणखणीत! तुम्ही माईकवर बसा ना. या वर्षी पळून घ्या. पण शेवटी आले, त पुढच्या सालपासून गाडी बंद, माईक चालू."

फुफाजी घरी आले आणि जेवले नाहीत. आमच्या घराण्याच्या इतिहासात असं पहिल्यांदा घडलं. आत्यानं मला फोन केला. मी तेव्हा एका संघटनेत कार्यकर्ती होते, पत्रकं लिहायचे, वाटायचे, चिकटवायचे. अन्याय दिसला की माझे हात शिवशिवायचे. आणि हा धडधडीत अन्याय होता! एसटीची सीट, रेडिमेड शर्ट, टपरीवरचं बाकडं, सगळं सडपातळांनी सडपातळांसाठी केलेलं. आता शर्यतही त्यांचीच? घोड्यांच्या शर्यतीत हलक्या स्वाराला वजन देऊन बरोबरी करतात, मोटारसायकलींतही काही ठिकाणी माणूस आणि गाडी मिळून किमान वजन ठरवतात. मग इथे का नाही? मी पत्रक काढलं: 'वजनदारांवरील अन्याय थांबवा! सर्व स्पर्धकांचे वजन समान करा!' मागणी शंभर टक्के बरोबर होती. आजही बरोबर आहे.

कमिटीनं ती मान्य केली. पण ज्यांनी आयुष्यभर धानच जोखलं, त्यांना वजन समान करायचा एकच मार्ग माहीत. शर्यतीच्या सकाळी दाणीच्या तोंडाशी अध्यक्षांचा धानाचा काटा मांडलेला, शेजारी भरलेल्या पोत्यांची थप्पी. एकेक पोरगा काट्यावर चढायचा, फुफाजींपेक्षा जितका कमी भरेल तितकं धान त्याच्या गाडीच्या मागच्या सीटवर बांधायचं. सगळ्यात आधी फुफाजी चढले. ऊन चढलेलं, त्यात आत्यानं शर्यतीसाठी ताडपत्रीचा शिवलेला घट्ट सूट. घामानं निथळत होते. अध्यक्षांनी काटा पाहिला, फुफाजींच्या दंडाला हात लावला आणि सवयीनं बोलून गेले, "माल ओला हाय. तीन किलो घट धरा."

"माल?" मी ओरडले. "शेतकऱ्याचं धान ओलं म्हणून कापता, आता माणूसही कापणार?"

"अव ताई, तोंडातून निघून गेलं," अध्यक्ष म्हणाले. पण घट काही त्यांनी परत केली नाही.

शर्यत सुटली. पहिल्याच झटक्याला मागच्या पोत्यांच्या भारानं पोरांच्या गाड्यांची पुढची चाकं उचलली गेली. तरी सरळ दाणीवर पोरंच पुढे होती. खांब आला आणि पोरं वळली, पण पोती वळली नाहीत. पोरगा डावीकडे झुकला की पोतं उजवीकडे जायचं. एक आडवा झाला, त्याच्यावर दुसरा, तिसऱ्याचं पोतं फाटून धान सांडलं आणि चौथा त्यावरून घसरला. कोणाला काही लागलं नाही. भुसभुशीत मातीनं सगळ्यांना पोटाशी घेतलं. या गोंधळाच्या कडेनं फुफाजी आपला सगळा देह खांबाकडे झुकवत, एखादी भरलेली नाव वळावी तसे वळले आणि एकटेच परत आले. पहिले!

मी घोषणा देत धावले. "फुफाजी, बघितलं? सिद्ध झालं!"

"काय सिद्ध झालं वो?" धापा टाकत ते म्हणाले. "पोट माह्यासंग वळते. पोतं वळते का?" मग दूर माती झटकत उठणाऱ्या पोरांकडे बघत राहिले. चेहऱ्यावर जिंकल्याचं काहीच नव्हतं. एकदम अध्यक्षांना म्हणाले, "पोते सोडा सगळ्यायचे. पुन्हा पळू."

"शेठ, तुम्ही जितले ना आता! शर्त ध्यानात हाय ना? शेवटी आले त..."

"हाव, हाय ध्यानात. मले माणसासंग पळाचं हाय, पोत्यासंग नाही."

मी हात धरला, हक्क सोडू नका म्हणाले, लढ्याचा अपमान होतो म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर टपली मारली आणि गाडीला किक मारली. पोरांच्यात एकच हुल्लड उठली, "काकाजी, या, या, खांबापाशी वाट पाहतो!" "पाहा बेटेहो, पण चहा ठेवा!" असं ओरडून ते सुटले.

शेवटी आले. त्यात काही चमत्कार झाला नाही. फार मागेही नव्हते, पण शेवटी. घरी परतताना मी रागानं विचारलं, "जिंकलेलं काहून सोडलं?" ते म्हणाले, "पहिला आलो, तवा मांगं पाहिलं. कोणीच नव्हतं. बाजूनं कोणाच्या गाडीचा आवाज नाही, शिव्या नाही, काही नाही. अशा रेसचं काय करू मी?"

पुढच्या वर्षीपासून फुफाजी माईकवर बसतात. सूट घालूनच बसतात. कोण कुठून सुटला, कोणाची गाडी कमी सीसीची, कोणत्या पोरानं सकाळी आलूबोंडे जास्त खाल्ले आणि आता ते त्याला कसे महागात पडताहेत, सगळं खणखणीत आवाजात. लोक शर्यतीपेक्षा त्यांनाच ऐकायला येतात. मी गेल्या वेळी त्यांच्या शेजारी उभी होते. पोरं खांबाजवळ आली, तसे ते बोलता बोलता एका अंगाला झुकू लागले. आधी खांदा, मग मान, मग सगळा देह, खुर्चीचे दोन पाय अधांतरी. डोळे मिटलेले, डाव्या हाताची मूठ क्लच दाबल्यासारखी अर्धी आवळलेली. वळण संपेपर्यंत माईकमधून एक शब्द येत नाही. लोकांना वाटतं, वायर सुटली.