तेरवीला मेलेला बैल

“धन्याची तिरडी उठली आणि त्या मुक्या जिवाने गव्हाणीकडे पाठ फिरवली. मुलाने खाटकाशी बोलणे लावले होते; परंतु तेरवीच्याच दिवशी प्राण सोडून बैलाने त्याला हरवले.”

हा माझ्या आतेभावाच्या कथेचा शेवट. ऐंशीच्या दशकात एका दिवाळी अंकात ती छापून आली. त्यातला धनी म्हणजे माझे वडील, बैल आमच्या आसगावच्या गोठ्यातला. आणि मुलगा कोण, हे वेगळे सांगायला नको, कारण वडिलांना मी एकटाच. पुढे आंधळगावच्या एका लग्नात मी पंगतीला बसलो असता यजमान वाढप्याला म्हणाले, “यायले पोटभर वाढा बरं, पण आमच्या गोठ्याकडे जाऊ देऊ नोका.” सारी पंगत हसली. त्या हसण्याचा हिशेब मी अजून मिटवलेला नाही.

आतेभाऊ अड्याळला राहत असे. तिथे जाऊन मी त्याला जाब विचारला.

“अरे दादा, ते कथा हाय,” तो म्हणाला. “बैल जगला तर वाचनारा रडन कायले?”

“अन् खाटकाशी बोलणारा पोरगा?”

“कोनी तरी वाईट लागतेच ना. तू कायले अंगावर घेऊन राहिला?”

तेव्हापासून पुस्तकातल्या जनावरांकडे मी संशयानेच पाहतो. एखादा बैल धन्यासाठी आसवे गाळू लागला की मी पान उलटायचे थांबतो आणि विचारतो, याला वैरण कोण घालत होते? बहुधा उत्तर नसते. लेखकाला जनावराचा जीव माणसावर जडलेला हवा असतो. माणसाने जनावरासाठी काय केले, हे लिहायला गोठ्यात जावे लागते. करुणा म्हणून जे छापले जाते, त्यात पुष्कळदा वाचकाची स्वतःवरची खुशी असते, असे माझे मत आहे.

आता घडले ते सांगतो. वडील सत्तरच्या दशकाच्या अखेरीस, धानाच्या रोवणीच्या तोंडावर गेले. घर दुःखात म्हणून गोठ्याचे काम आतेभावाने अंगावर घेतले. बैल खात नव्हता, हे खरे. तणशीची, म्हणजे धानाच्या वाळल्या काडाची, पेंढी समोर तशीच पडून होती, हेही खरे. आतेभाऊ आईजवळ येऊन डोळे पुसत म्हणाला, “मामी, त्यानं अन्न सोडलं.”

आई रडतच होती, तरी तिचा आवाज धारदार झाला. “बापू, त्याले दात कोठी हायेत? तुझा मामा तणस बारीक कापून पेजेत भिजवून देत होता. तू पेंढीच टाकून राहिला त्याच्यापुढं.”

मी तसाच उठलो, विळ्याने तणस कापली, पेजेत भिजवली. बैलाने टोपले चाटून साफ केले.

वडील त्या बैलाला कधी कुरवाळत नसत. शिव्या मात्र भरपूर देत. आणि शिव्या देत देतच, तो नांगराच्या कामाचा राहिला नसतानाही, रोज त्याची तणस कापत बसत. कथेत तो विळा नाही, ते टोपले नाही. वडिलांचे सारे श्रम काढून घेऊन आतेभावाने ते बैलाच्या विरहाच्या नावावर मांडले, आणि खाटीक माझ्या पदरात घातला. आईचे बोलणे ऐकलेला माणूस हे भाबडेपणाने लिहितो, यावर माझा विश्वास नाही.

तरी ‘कथा’ म्हणून मी गप्प राहिलो असतो. पण हल्ली सत्कारांच्या भाषणांत तो म्हणतो, “तेरवीच्या दिवशी त्या बैलाचे मरण मी माझ्या डोळ्यांनी पाहिले.” श्रोते हळहळतात. चारचौघे मला समजावतात, इतक्या वर्षांनी कुणाचे खरे, कुणाचे खोटे, सोडून द्या.

मी सोडणार नाही. आमच्याकडे मृत्यू झालेल्या घरात वर्षश्राद्धापर्यंत सण करत नाहीत. मात्र बैलांना सुतक मानत नाहीत. पोळ्याला त्यांना तोरणाखाली न्यायचेच असते, आणि ते दुसऱ्या कुळातल्या नातलगाने न्यायचे असते. वडिलांच्या तेरवीनंतर आलेल्या पोळ्याला तो बैल शिंगे रंगवून, पाठीवर झूल घेऊन तोरणाखाली उभा होता, आणि त्याचा कासरा माझ्या याच आतेभावाच्या हातात होता.