झिऱ्यावरचा दगड

आमच्या ओढ्याला नाव नाही. मिरजगावच्या पलीकडच्या माळावर तो निघतो, आमच्या वस्तीला वळसा घालतो आणि पुढं सीनेला मिळतो. पावसाळा सोडला तर तो वाहतो असं म्हणणं म्हणजे त्याची चेष्टाच. पण त्याच्या वाळूखाली पाणी असायचं. हातानं खड्डा उकरला की गार, गोड पाणी झिरपून वर यायचं. त्या खड्ड्याला आम्ही झिरा म्हणायचो. प्रत्येक घराचा झिरा ठरलेला.

दिवाळीनंतर आई-वडील ऊसतोडीला निघाले की आई आमचा झिरा वाळूनं बुजवायची आणि खुणेला वर काळा चपटा दगड ठेवायची. उघड्या झिऱ्यात जनावरं तोंड घालतात, पाणी नासतं. मागं राहणारी आम्ही भावंडं हापशाचं मचूळ पाणी प्यायचो. त्या दगडाला हात लावायची आमची टाप नव्हती. गुढीपाडव्याला परत आली की आई घरात शिरायच्या आधी झिरा उकरायची आणि ओंजळीनं पोटभर पाणी प्यायची.

गेल्या हिवाळ्यात अर्धी वस्ती तोडीला गेलेली असताना गावानं ओढा खोल करायचं ठरवलं. थोरला भाऊ सगळ्यांच्या पुढं. खोल केला की पाणी जास्त साठणार, एवढा सरळ हिशेब. पोकलेननं वाळू उपसली आणि खालचा कठीण थरही फोडला.

पाडव्याला आई आली आणि डोक्यावरच्या बोचक्यासकट काठावर उभीच राहिली. भाऊ म्हणाला, "आई, तुजा दगड नीट ठिवलाय. दारात हाय."

जणू दगडच पाणी देत होता! मला त्याचा संताप आला आणि कीवही आली, कारण तो खरंच खुशीत होता.

पोळ्याला ओढा तुडुंब भरला. गावानं नारळ फोडला, फोटो काढले. दिवाळीला तळाला भेगा पडल्या होत्या. सगळं पाणी फुटलेल्या थरातून खाली निघून गेलं. हापसाही नुसताच खडखडू लागला. पुढच्या पाडव्याला आई दमून येईल तेव्हा काय पिईल, या विचारानं माझा जीव थाऱ्यावर नाही.

परवा ऊसतोड टोळीचा ट्रॅक्टर आला. आई दारातला दगड उचलून ओढ्याकडं निघाली. भाऊ मागं धावला.

"आई, आता काय बुजिवतीस? झिरा न्हाई ऱ्हायला."

आईनं त्या लांबलचक कोरड्या खड्ड्याकडं पाहिलं.

"हाय की," ती म्हणाली. "लई मोठा उकारलाय तुमी. आता ह्यो कुनी बुजवायचा?"

दगड तिनं त्याच्या हातात दिला आणि ट्रॅक्टरमध्ये जाऊन बसली.