एका चालीत दोन मोहरे

“पकडला! पकडला! एका चालीत दोन मोहरे हलवले! शोभाताई, बाहीर या, तुमच्या मालकानं काय केलं ते पाहा!”

दिगांबरभाऊ आमच्या ओसरीत उभे राहून असे ओरडत होते, की पलीकडच्या गल्लीतली म्हैस धार देता देता थांबली. (हे म्हशीच्या मालकानंच मला सांगितलं. माझा मित्र असूनही तो बरेचदा खरं बोलतो.) त्यांच्या एका हातात माझा पांढरा राजा, दुसऱ्या हातात माझा हत्ती, आणि पोह्यांची बशी पटावर पालथी. दारात माझी लेक पल्लवी दुधाचा चहा घेऊन उभी, चहावर साय धरली तरी हलेना. आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर दिगांबरभाऊंचा मुलगा अमोल. अर्ध्या तासापूर्वीपर्यंत तो माझा जावई होणार होता. आता तो फरशी मोजत होता.

मी साधा माणूस आहे, एवढंच मला दाखवायचं होतं.

हा साधेपणाचा नाद मला लावला बुद्धिबळाच्या एका जगज्जेत्यानं. त्याआधी मी सोनाळ्यात बुद्धिबळ खेळायचो ते माझ्या पद्धतीनं. साधं प्यादं सरकवायचं असलं तरी हाताला हवेत दोन गिरक्या! डोळे वजिरावर, हात घोड्यावर, आणि तोंडानं “आता पाह्यजो बेटा!” समोरचा घाबरला पाहिजे. चाल चुकीची पडली की मला एवढा खोकला यायचा, एवढा खोकला यायचा, की खोकताना पटाला गुडघा लागून सगळे मोहरे आपोआप नव्यानं मांडावे लागायचे.

मग एका दुपारी मोबाईलवर या माणसाचे डाव पाहिले. ना कपाळाला आठी, ना मानेला झटका. ज्या मोहऱ्याला जिथं बसावंसं वाटत असेल, तिथं तो त्याला नेऊन बसवायचा. उंटाला मोकळी वाट, हत्तीला मोकळी पट्टी, राजाला घर. प्रत्येक चालीला वाटायचं, हे तर मलाही सुचलं असतं! आणि असं वाटता वाटता समोरचा माणूस उठायचा, हात मिळवायचा आणि निघून जायचा. कुठं हाणामारी नाही, कुठं जादू नाही. पाटाचं पाणी वाफ्यात शिरावं तसा डाव आपल्या पायांनी जिंकण्याकडे चालत जायचा. मी मोबाईल उलटा करून पाहिला, मागं काही लपवलंय का म्हणून. काही नव्हतं. त्या दिवसापासून मी त्या माणसाचा भक्त झालो.

आणि नेमकी त्याच आठवड्यात पल्लवी बुलढाण्याहून आली. ती आणि अमोल तिथल्या एकाच दवाखान्यात नोकरीला.

“बाबा, अमोलच्या घरी सगळ्यायले मी पसंत आहे. आता त्याचे बाबा साखरखेर्ड्याहून येऊन राह्यले. त्यायले फक्त तुमाले पाहायचं आहे.”

“मले? मंग काय डोक्यावर पदर घेऊ का?”

“हे! हेच नका करू! काही फेकू नका. त्यायच्यासमोर तुमी साधे राहा.”

“त्या जगज्जेत्यासारखा?”

“हाव, तसेच. विचारलं तेवढं बोला, पोहे पुढं करा, बस. माह्या जिंदगीचा सवाल आहे, बाबा.”

पोरगी रडवेली झाली होती. मी त्याच क्षणी साधा झालो.

घरात हाहाकार! मी भाजीला नाव ठेवलं नाही. ‘बरं’ म्हणालो. ‘तू म्हणशील तसं’ म्हणालो. शोभानं हातातलं लाटणं खाली ठेवलं.

“वावर इकलं का?”

“नाही.”

“डॉक्टरनं काही सांगतलं का?”

“नाही गं. मी साधा झालो.”

“कोनासाठी?” तिचे डोळे बारीक झाले, आणि रात्रीपर्यंत ते मोठे झालेच नाहीत.

पानठेल्यावर तर कहर झाला. मी कोणाचंही बोलणं मध्ये न तोडता ऐकून घेतलं, तर मित्र म्हणतो, “वसंता, इलेक्शनले उभा राहून राह्यला का बे?”

अशा वातावरणात दिगांबरभाऊ आले. माझे होणारे इवाई! (पुस्तकात ज्याला व्याही म्हणतात, तो आमच्याकडे इवाई.) या माणसानं बसण्याआधी खुर्ची हलवून पाहिली. पाण्याचा पेला उजेडात धरला. आमच्या भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख स्वतःच्या मोबाईलशी ताडून पाहिली, आणि दोन्ही जुळल्यावर तर त्यांचा संशय आणखीच वाढला.

“संत्र्याची बाग कशी हाय तुमची?”

माझ्या जिभेच्या टोकावर एवढं मोठं संत्रं आलं होतं! मी गिळलं. “साधीच आहे.”

“पोरगी?”

“साधी.”

“आन तुमचा सभाव?”

“एकदम साधा, भाऊ.”

दिगांबरभाऊंनी खुर्ची हातभर मागं ओढली.

“आमी एक बैल घेतला होता,” ते माझ्यावरची नजर न काढता म्हणाले. “इकणारा म्हणे, एकदम साधा हाय. लेकरानं शेपूट धरली तरी मान वर करत नाही. घरी आणला. त्या साध्यानं गोठ्याचं दार पाडलं, कडब्याची गंजी पाडली आन आमच्या बापाले उकिरड्यावर नेऊन ठेवलं.”

“अरेरे,” मी साधेपणानं म्हणालो. बैल कुणीकडे चालला होता, ते माझ्या ध्यानातच आलं नाही!

तेवढ्यात त्यांना कोनाड्यातला पट दिसला. “खेळता का?”

“साधंसं.”

पट मांडला. मी पांढरे घेतले आणि मनात त्या जगज्जेत्याला नमस्कार केला. घोडा बाहेर. उंट बाहेर. ना गिरकी, ना खोकला.

“हा उंट इथं काऊन आला?”

“मोकळी जागा होती, भाऊ.”

“मोकळ्या जागेत कोनी उगाच जाते का?” ते उठले, माझ्या बाजूला येऊन उकिडवे बसले आणि पट माझ्या बाजूनं कसा दिसतो ते पाहून आले. पुढच्या चालीला त्यांनी पट उचलून खाली पाहिलं. त्याच्या पुढच्या चालीला मला उचलून पाहतील असं वाटलं.

आणि मग ती वेळ आली. जगज्जेत्याची सगळ्यात शांत, सगळ्यात नैसर्गिक चाल: किल्लेकोट. राजा दोन घरं बाजूला, हत्ती त्याच्यावरून पलीकडे. राजा घरात, दार बंद. मी एका हातानं राजा धरला, दुसऱ्या हातानं हत्ती, आणि एकाच वेळी हलवले.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. म्हैस थांबली.

“हा किल्लेकोट आहे, भाऊ! नियमात आहे!”

“कोनाच्या नियमात? आमच्यात राजाले एकदा घोड्यावानी अडीच घरं उडता येते, बस! असं हत्तीले बगलेत घेऊन पळता येत नाही!”

“राजा अडीच घरं उडते? राजा आहे का बेडूक?”

पल्लवी धावत आली, चहा दिगांबरभाऊंसमोर ठेवला. तिनं मोबाईलवर जगज्जेत्याचा डाव लावला, किल्लेकोटापाशी थांबवून त्यांच्या नाकासमोर धरला. दिगांबरभाऊंनी तो बराच वेळ पाहिला.

“मोबाईलमधी आजकाल मेलेला माणूस बी भाषण देते,” ते म्हणाले. “अमोल, ऊठ. हे घर लय साधं हाय. आपल्याले झेपनार नाही.”

अमोल उठला. म्हणजे अर्धा उठला, अर्धा पल्लवीकडे पाहत राहिला. पल्लवीच्या डोळ्यांत पाणी आलं. आणि चार दिवस दाबून ठेवलेलं माझ्यातलं सगळं एकदम उसळलं.

“बसा खाली!” मी ओरडलो. “माह्या ओसरीवरून अर्ध्या डावातून कोनी उठून गेलं नाही! साधा कोनाले म्हणून राह्यले? मी साधा? अहो, माह्या बागेतलं एक संत्रं सोललं तर अर्धं सोनाळा जेवते आन सालीत उरलेलं अर्धं झोपते! खेळायले बसलो तर समोरच्याचा वजीर त्याच्याच हातानं मारायले लावतो! मी असा बेरकी माणूस आहे, की माही सावली माह्यापासून चार हात दूर चालते! आन तुमचा तो बैल! माह्या गोठ्यात असता ना, तर आज पोथी वाचत बसला असता!”

पल्लवीनं दोन्ही हातांत तोंड लपवलं. शोभा मात्र कितीतरी दिवसांनी मोकळा श्वास घेताना दिसली.

दिगांबरभाऊ हळूच बसले. समोरचा चहा उचलला आणि कपात न पाहता पिऊन टाकला!

“हं,” ते म्हणाले. “आता माणूस दिसला. एवढा वेळ म्या कोनाशी बोलून राह्यलो होतो तेच समजेना.” मग जरा पुढं झुकून, “अर्धं सोनाळा म्हणजे जरा जास्तच होते, नाही?”

“लहानलं अर्धं,” मी म्हणालो.

“मंग ठीक. शोभाताई, साखर आना.”

पल्लवीनं डोळे पुसायच्या आत तिच्या हातावर साखर आली. अमोल एकदाचा पूर्ण उभा राहिला. राहिलेला डाव आम्ही पोहे झटकून पुरा केला. मी किल्लेकोट मागं घेतला. त्यांचा राजा अडीच घरं उडून माझ्या शहातून निसटला, आणि मी सपाटून हरलो. खोकलाही वेळेवर आला नाही.

संध्याकाळी मी त्यांना गाडीपर्यंत पोचवायला गेलो. माझ्या मनातून तो जगज्जेता काही जाईना.

“भाऊ, खरं सांगा,” मी विचारलं, “साधेपणा मले अजिबातच शोभत नव्हता का?”

दिगांबरभाऊंनी गाडीचं दार लावलं, खरंच लागलं का ते पाहायला पुन्हा उघडलं, पुन्हा लावलं, आणि काच खाली केली.

“शोभत होता ना,” ते म्हणाले. “त्या बैलाले बी लय शोभत होता.”