बेहालाचा मिस्त्री

ब्रेक तो पायाने तपासायचा नाही, हाताने तपासायचा. गाडीचं पुढचं दार उघडून रस्त्यावर गुडघा टेकायचा, आत वाकायचा आणि उजव्या हाताचा तळवा पेडलवर ठेवून हळूहळू दाबत न्यायचा. डोळे मिटलेले. त्या वेळी कोणी बोलायला गेलं की म्हणायचा, "दांडान, देखछि." थांबा, बघतोय. डोळे मिटून काय बघता, असं मी एकदा विचारलं. तो गंभीरपणे म्हणाला, "डॉक्टर नाडी बघतो तेव्हा त्याला नाडी दिसते का, दिदिमोनी?"

मी शाळेत शिकवते हे कळल्यापासून मी त्याची दिदिमोनी झाले होते. बंगालमध्ये मास्तरणीला तसंच म्हणतात. आम्ही त्याला नुसतं मिस्त्री म्हणायचो. नाव माहीत आहे, पण ते इथे लिहायचा हक्क मला आहे असं वाटत नाही. का, ते पुढे कळेलच.

माझे बाबा बजबजच्या एका ज्यूट मिलमध्ये इंजिनियर होते. आजोबा नोकरीसाठी कलकत्त्याला आले आणि आम्ही इथलेच झालो. घरात मराठी आणि दाराबाहेर बंगाली. मिस्त्री मिलमध्ये बाबांच्या हाताखाली फिटर होता. साठच्या दशकाच्या शेवटी मिलमधली माणसं कमी करायचं ठरलं, तेव्हा बाबांच्या खात्याची यादी बाबांनाच करावी लागली. तिच्यात मिस्त्रीचं नाव होतं आणि खाली बाबांची सही होती. मिस्त्रीने बेहालाला एक लहानसा गाळा घेऊन मोटारी दुरुस्त करायला सुरुवात केली. त्या आठवड्यापासून आमची गाडी त्याच्याकडे जायला लागली.

बालीगंजच्या आमच्या घरापासून बेहाला काही जवळ नाही. वाटेत चांगली चार गॅरेजं लागायची. आई म्हणायची, "एवढ्या लांब कशाला नेता? पेट्रोल काय फुकट येतं?" बाबा गाडीची किल्ली उचलायचे. पुढे ते निवृत्त झाले तरी हा क्रम मोडला नाही. बाबांना आणि मिस्त्रीला मी यादीबद्दल बोलताना कधी ऐकलं नाही. गाडीचं बोनेट उघडून दोघे दोन बाजूंनी आत बघत उभे राहायचे. बस, एवढंच.

बाबांच्या तोंडून त्याने एक मराठी शब्द उचलला होता, 'बरं'. बंगाली जिभेवर त्याचं 'बोरं' झालं होतं. आनंद असो की वैताग, तो तोच वापरायचा. आईने एकदा त्याला पोहे दिले. भिजवलेल्या पोह्यांना हळद लावून फोडणी दिलेली बघून त्याला हे आजारी माणसाचं पथ्य वाटलं असावं. प्रत्येक घास नीट तपासून त्याने बशी संपवली आणि आईला म्हणाला, "बोरं." आई दोन दिवस हसत होती.

आमच्या घरातलं हसणं थांबलं ते बाबांना पक्षाघात झाला तेव्हा. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धं गेलं. मी गाडी चालवायला शिकले होते, म्हणून बाबांना इस्पितळात न्यायचं, आईला बाजारात न्यायचं, सगळं माझ्याकडे आलं. रविवारी सकाळी इमारतीचा दरवान आणि मी मिळून बाबांना खाली न्यायचो आणि गाडीशेजारी खुर्चीत बसवायचो. मग मी वर येऊन वह्या तपासत बसायची. बाबा खाली गाडीचं काहीतरी तेलपाणी करायचे. जिन्याखालच्या फळीवर त्यांचा मिलमधला एक पत्र्याचा डबा होता. दरवान गाडीतली पायपुसणी उचलायचा, खालचं बूच काढायचा आणि बाबा डाव्या हाताने त्या भोकात थोडं तेल ओतायचे. वर येताना त्यांचा चेहरा जरा सुटलेला दिसायचा. मला तेवढंच पुरे होतं. ते भोक कशाचं आणि तेल कसलं, हे मी कधी विचारलं नाही.

त्याच सुमारास ब्रेकची कटकट सुरू झाली. आधी ब्रेक चिकटायचा. पाय उचलला तरी चाकं मोकळी व्हायची नाहीत आणि जळका वास यायचा. मग एक दिवस उलटंच व्हायचं, पेडल थेट तळाला जायचं. बेहालाला न्यावं, मिस्त्रीने सगळी चाकं उघडावीत, आतले रबरी वॉशर बदलावेत, आणि दीड-दोन महिन्यांत पुन्हा तेच. दुसऱ्यांदा झालं तेव्हा मी जरा चढ्या आवाजात बोलले. तिसऱ्यांदा त्याने काढलेला वॉशर तळहातावर घेतला. तो फुगून मऊ पडला होता. त्याने बोट लावून वास घेतला.

"दिदिमोनी, गाडीत तेल कोण घालतं?"

"कोण घालणार? तुम्हीच," मी म्हणाले. मला खरंच सुचलं नाही.

त्याने वॉशर फडक्यात गुंडाळून ठेवला. "साहेबांना भेटून बरेच दिवस झाले," तो म्हणाला. "रविवारी येतो."

आला. मी गॅलरीतून पाहिलं तेव्हा तो गाडीपाशी उकिडवा बसला होता. बाबा डब्यातून तेल ओतत होते आणि हा त्यांच्यासाठी नरसाळं धरून होता. बाबांचा हात थरथरला की नरसाळं तेवढंच सरकायचं. मी चहा पाठवला तो तसाच राहिला. तो गाडी बेहालाला घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी आणून दिली. जाताना म्हणाला, "आता होणार नाही."

आणि खरंच, पुढे जवळजवळ वर्षभर ब्रेकने त्रास दिला नाही. आईला मी म्हणाले, मिस्त्रीला शेवटी काम जमलं एकदाचं.

दुर्गापूजेच्या आधीचे दिवस होते. मी आणि आई खरेदी करून परतत होतो. माझेरहाटचा पूल उतरताना समोर पोत्यांनी भरलेला ट्रक उभा दिसला. मी ब्रेक दाबला आणि पेडल तळाला गेलं. पुन्हा दाबला, काही नाही. हँडब्रेक ओढला तोवर उशीर झाला होता. शेजारी बसलेल्या आईने सवयीने हात पुढे टेकवला होता. तिचा उजवा हात खांद्यात मोडला. दोन शस्त्रक्रिया झाल्या, पण तो हात पुन्हा खांद्याच्या वर गेला नाही. मरेपर्यंत आईला स्वतःचा अंबाडा घालता आला नाही. रोज सकाळी मी घालायची. शाळेला उशीर होत असला की तो सैल पडायचा.

अपघातानंतर तिसऱ्या दिवशी मी बसने बेहालाला गेले. मिस्त्री गाळ्यात होता. अंगावर चादर, डोळे खोल गेलेले. तापातून उठला होता हे दिसत होतं, पण मला ते बघायचं नव्हतं. दोन टॅक्सीवाले होते, शेजारचा चहावाला होता. मी सगळ्यांसमोर बोलले.

"माझ्या आईचा हात तुमच्यामुळे गेला. काम येत नसेल तर गाळा बंद करा, लोकांचे जीव घेऊ नका."

तो उठून उभा राहिला. मी तिथे थांबायला हवं होतं. पण मी थांबले नाही. "बाबांनी यादीत तुमचं नाव घातलं, ते काही उगाच नाही," मी म्हणाले.

टॅक्सीवाल्यांना या वाक्याचा अर्थ लागला नसेल. त्याला लागला. त्याने चादर नीट केली आणि म्हणाला, "चूक माझी, दिदिमोनी. माझ्याकडून राहून गेलं." मग त्याने विचारलं, "माँचा कोणता हात?"

"उजवा," मी म्हणाले आणि निघून आले.

घरी येऊन मी बाबांना सांगितलं की मिस्त्रीने चूक कबूल केली. बाबा रडायला लागले. काहीतरी सांगायचा प्रयत्न करत होते, शब्द येत नव्हते. आईसाठी रडताहेत असं समजून मी त्यांचे डोळे पुसले. त्यानंतर त्यांनी खाली जायचं नाव काढलं नाही. त्या हिवाळ्यात ते गेले.

गाडी विकून टाकली तेव्हा मी जिन्याखालची जागा आवरायला घेतली. फळीवर मिलचा डबा होता. त्याच्यामागे तसाच दुसरा डबा निघाला, निम्मा भरलेला. दरवान झाडू घेऊन उभा होता. वयस्क बिहारी माणूस, आमच्या इमारतीत वीस वर्षं काढलेला. मी म्हणाले, "हे दोन्ही तू घे. सायकलला होईल."

तो मागे सरला. "तो मागचा मला नको, दीदी."

"का रे?"

तो जिन्याच्या पायरीवर बसला आणि बोलू लागला. बाबा ज्या भोकात तेल ओतायचे ते ब्रेकच्या तेलाचं होतं. डब्यात मात्र मिलच्या मशिनचं तेल होतं. ते ब्रेकमध्ये गेलं की रबर फुगतं. बाबांना हे पूर्वी पक्कं ठाऊक असणार, आजारपणानंतर त्यांचं त्यांनाच आठवत नव्हतं. मिस्त्रीने त्या रविवारी ते पाहिलं. नंतर शनिवारी, मी शाळेत असताना, तो आला. डब्यातलं तेल त्याने टाकून दिलं, डबा धुऊन वाळवला आणि त्यात खरं ब्रेकचं तेल भरलं. तेव्हापासून संपत आलं की शनिवारी येऊन भरून जायचा.

"मी त्याला म्हटलं, दीदीला सांग, डबाच काढून टाकतील," दरवान म्हणाला. "तर म्हणाला, साहेबांच्या हाताखाली अख्खं खातं चालायचं. आता एका गाडीत चमचाभर तेल घालतात. तेवढं तरी घालू दे. आणि कोणाला बोलू नकोस."

"मग अपघात कसा झाला?"

"पूजेच्या आधी तो आजारी पडला. दोन-तीन आठवडे आला नाही. डबा रिकामा झाला. साहेब बोटाने मागचा डबा दाखवायला लागले. मला काय कळतं, दीदी? दोन्ही डबे सारखे, मला वाटलं त्यानेच भरून ठेवलाय. मीच काढून दिला." तो रडत नव्हता, नुसता जमिनीकडे बघत होता. "अपघातानंतर मी बेहालाला गेलो होतो, सगळं सांगायला. तो म्हणाला, तू गप्प बस, तुझी नोकरी जाईल. म्हणाला, दुसरा डबा आहे का ते मीच बघायला हवं होतं."

तुम्ही म्हणाल, मोठ्या मनाचा माणूस. मीही म्हणते. पण आईचे केस विंचरताना मला राग यायचा, हेही खरं आहे. त्याने मला सांगायला हवं होतं. बाबांना चार दिवस वाईट वाटलं असतं, आईचा हात राहिला असता. हा राग मी कोणाजवळ बोलले नाही, आणि त्याच्याबद्दल दुसरं काय वाटतं तेही बोलले नाही. बेहालाला जायलाच मला सात-आठ महिने लागले. आज जाऊ, सुट्टीत जाऊ, असं करत करत.

गेले तेव्हा गाळ्याच्या फळ्या लावलेल्या होत्या. मागच्या खोलीत तो राहायचा. दार त्याच्या बायकोने उघडलं. तिच्या हातात सवाष्णीच्या शंखाच्या बांगड्या नव्हत्या, तेव्हा विचारायचं काही उरलं नाही.

"आषाढात गेले," ती म्हणाली. "छातीचं दुखणं होतं. तुम्ही कोण?"

मी सांगितलं. तिने मला आत घेतलं, बसायला वेताचा मोडा पुढे सरकवला आणि पाणी दिलं. तिच्याकडून कळलं, मी सगळ्यांसमोर बोलले त्या दिवसानंतर टॅक्सीवाले आपल्या गाड्या घेऊन गेले होते. मग दुसरे गेले. थंडीत गाळा बंद झाला आणि तो एका कोळशाच्या वखारीत पोती उचलायला जाऊ लागला.

"मी फार बोलायचे त्यांना," ती म्हणाली. "एवढी वर्षं हातात हत्यार धरलं आणि असं कसं राहून गेलं म्हणायचे. ते म्हणायचे, गेलं खरं राहून."

तिलाही त्याने सांगितलं नव्हतं. मी सांगितलं. डबे, शनिवार, दरवान, सगळं.  माझं संपल्यावर ती उठली, बाहेर गेली आणि चहावाल्याला, समोरच्या इस्त्रीवाल्याला बोलावून घेऊन आली.

"यांना सांगा," ती म्हणाली. "त्या दिवशी बोलला होतात तसं. मोठ्याने."

मी गल्लीत उभी राहून पुन्हा सगळं सांगितलं. वर्गात चाळीस मुलींपुढे बोलणारी मी, पण आवाज फुटेना. ती दोनदा म्हणाली, "मोठ्याने." चहावाला मान हलवत होता. आणखी दोघे-तिघे थांबले. आता काही मागे ठेवायचं नाही असं ठरवून मी यादीबद्दल जे बोलले होते तेही सांगितलं आणि म्हटलं, त्याची मी माफी मागते.

लोक गेले. ती दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"कोणती यादी?" तिने विचारलं.

मला आधी कळलंच नाही.

"मिल बंद पडणार होती म्हणून सगळ्यांना काढलं, असं ते म्हणाले होते," ती म्हणाली. "साहेबांनी पुष्कळ प्रयत्न केला, पण त्यांचं काही चाललं नाही म्हणाले. दर पूजेला साहेबांच्या नावाने नमस्कार करायला लावायचे मला. कोणती यादी?"

मग मला तेही सांगावं लागलं. या वेळी मोठ्याने नाही.

 आत जाऊन तिने माझा पाण्याचा ग्लास उचलला, दारात येऊन उरलेलं पाणी बाहेर टाकलं आणि आतून कडी लावली.